राजाच्या खुनाचं पान

१

व्यंकोबाने धाकटी लेक मंगला तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीतल्या कारकुनाला दिली, ते १९५३ साल. वैगाशी या तमिळ महिन्यातलं, ऐन उन्हाळ्यातलं लग्न. मांडवाचे बांबू अजून दारातच पडलेले होते. नवव्या दिवशी सकाळी त्याची थोरली बहीण गंगाबाई येऊन तिण्णैवर बसली. ओटा असा की ऊन थेट पायावर यावं, तरी ती सरकली नाही. काखेत लुगड्यांचं बोचकं, हातात पितळी तांब्या.

"व्यंकू, मला चोर ठरवून काढलं."

व्यंकोबाने हातातलं दाभण खाली ठेवलं. तो पुस्तकं बांधायचा. कुंभकोणमात कुंभेश्वराच्या देवळाच्या बाजूला त्याची खोली होती, तिच्यात कागद, दोरा, खळ आणि तो, एवढंच मावे. गंगाबाई बावीस वर्षं चंद्रमौलीरावांच्या घरी स्वयंपाकाला होती. चंद्रमौलीराव म्हणजे तंजावरच्या दरबाराशी संबंध सांगणारं घराणं. स्वतः शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दरबारच्या काळातलं एक हस्तलिखित नाटक होतं, मोडी लिपीतलं. अमात्य आपल्या मित्र राजाला भर मेजवानीत कट्यार मारतो, अशी गोष्ट. गेले अकरा महिने दर रविवारी तीन शहाणी माणसं त्या नाटकाचा अभ्यास करायला जमत. चंद्रमौलीराव, शेषाद्रीराव आणि नरसिंहराव. अमात्य द्रोही की देशभक्त, या एका प्रश्नावर त्यांनी अकरा महिने कॉफी प्यायली होती. ती कॉफी गंगाबाईच करी.

काल रविवारी पुस्तक उघडलं तर खुनाचं पान नव्हतं. त्या पानावर रंगीत चित्र होतं, राजा पाटावर कोसळतोय असं, म्हणून गेलेलं लगेच कळलं. कपाटाला कुलूप. दोन किल्ल्या, एक रावांच्या जानव्याला आणि दुसरी गंगाबाईच्या कमरेला. शेषाद्रीराव म्हणाले, बुधवारी मी हिच्या चुलीच्या तोंडाशी जळक्या कागदाचा कपटा पाहिला. बस्स, न्याय झाला.

त्यानंतर गंगाबाई काम मागायला त्याच गल्लीत चार घरी गेली होती. चारही घरांत तिच्याआधी बातमी पोचलेली. चोर बाईच्या हातात आपलं स्वयंपाकघर कोण देणार? या गावात तिला आता कुणीही उंबरा ओलांडू देणार नव्हतं आणि वय झालेलं त्रेसष्ट.

"अक्का, तू चूल कशाने पेटवतेस?" व्यंकोबाने विचारलं.

"झावळीने. आणखी कशाने?"

"कागदाने कधी?"

"कागदाने?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तोच चोर. "त्यावर देवाचं नाव असलं तर? मला काय कळतं, काय लिहिलंय ते. मी वाण्याची पुडीसुद्धा सरळ करून कोनाड्यात ठेवते."

व्यंकोबाने सदरा घातला.

२

चंद्रमौलीरावांनी त्याला आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. बहिणीचं सामान न्यायला आला असेल, असं त्यांना वाटलं. मग त्यांना आठवलं की हा पुस्तकं शिवतो.

"आलाच आहेस तर हे नीट करून दे," ते म्हणाले. "सैल झालंय. आणि सांभाळून. हे तुमच्या पंचांगासारखं नव्हे."

ज्या बाईला चोर म्हणून घालवलं, तिच्या भावाच्या हातात पुस्तक देताना त्यांना काही वाटलं नाही. व्यंकोबाला वाटलं. या माणसाने आयुष्यभर मुलांना माणसांचे स्वभाव शिकवले होते म्हणे.

त्याने जमिनीवर बसून पुस्तक मांडीवर घेतलं. अक्षरं त्याला चाळिशी उलटल्यावर आली, विठ्ठलाच्या देवळाच्या ओसरीवर, अभंगाच्या पोथीवर बोट ठेवून. तीही बाळबोध. मोडी त्याला येत नव्हती. पण लिहिणाऱ्याने प्रत्येक पानाच्या माथ्यावर बाळबोधीत एक शब्द लिहिला होता, श्रीविठ्ठल, तेवढा त्याला वाचता आला. पानांचे आकडे कुठेच नव्हते. मागे कुणी आडमुठ्या बांधणाऱ्याने कडा कातरताना तेही कातरले होते.

तावच्या ताव मधोमध दुमडून एकात एक घालायचे आणि घडीवर शिवायचे, त्या गठ्ठ्याला जुज म्हणतात. या पुस्तकात दोन जुज होते. व्यंकोबाने अंगठ्याने घड्या मोजल्या. दुसऱ्या जुजात सहा ताव, म्हणजे बारा पानं. पहिल्यात पाच ताव. त्याने पुन्हा मोजले. पाचच.

मग त्याने शिवणीत बोट घातलं. कुठेही फाटलेल्या कागदाचा काठ नव्हता. दोरा मात्र जुना, कुजका, आणि एका जागी नुकता ताणून तुटलेला.

"राव, किती पानं गेलीत म्हणालात?"

"एक. किती वेळा सांगायचं? खुनाचं पान."

एक पान गेलं असतं तर पहिल्या जुजात अकरा उरली असती. दहाच होती.

३

"चित्राच्या नंतर या जुजात किती पानं होती, आठवतं?" त्याने विचारलं.

एकच, असं राव म्हणाले. व्यंकोबाने शेवटून दुसरी जागा उघडली. तिथे तपकीर पडली होती, चांगली चिमूटभर. रावांना तपकिरीचं व्यसन होतं. बोलतानाही ती सांडे, धोतरावर, सतरंजीवर, पुस्तकावर. व्यंकोबाने बाकीची पानं एकेक करून उलगडली. कुठे कण नाही. घड्यांत जुनी धूळ आणि पानं अशी कडक, की कित्येक वर्षांत कुणी ती पुरती उघडली नसावीत.

अकरा महिने अभ्यास, आणि तपकीर फक्त चित्राच्या जागी. व्यंकोबाने पुस्तक मिटलं आणि चेहरा तसाच ठेवला.

शेवटून दुसऱ्या पानाचा ताव पुढच्या बाजूला येतो तो पहिल्यापासून दुसऱ्या जागी. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"पहिल्या दोन पानांवर काय होतं हो, राव?"

राव वैतागले. त्यात काय असणार? गणेशस्तवन, सूत्रधाराची बडबड, आणि दरबारात खेळ झाला तेव्हा कुणी कुठलं सोंग घेतलं त्याची यादी. वडील सांगत. अभ्यासाला त्याचा काय उपयोग? म्हणून ती पानं आपण सोडूनच दिली होती. कालच्या आधीच्या रविवारी मात्र ठरलं, की नाटक छापायचं. मद्रासेहून कुणी विद्वान येणार होते, ते पहिल्या पानापासून नक्कल उतरवून घेणार होते.

"शेषाद्रीराव फार खूश झाले," राव म्हणाले. "अमात्याचं सोंग त्यांच्या पणज्याच्या आज्याने केलं होतं ना. ते नाव छापून येणार."

मग बुधवारचा विषय निघाला. बुधवारी रावांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. गंगाबाई पहाटेपासून सोवळ्यात. सोवळ्यात किल्ली कमरेला कशी राहणार? ती तिच्या रोजच्या लुगड्यासह बाहेरच्या खोलीत खुंटीला होती. संध्याकाळपर्यंत. जेवायला दोघेही अभ्यासू हजर होते.

हे रावांना आधीपासून माहीत होतं. खुंटीवरची किल्ली कुणालाही घेता आली असती, हेही. पण ब्राह्मण जेवून गेले होते, त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे श्राद्ध बाटवायचं. त्यापेक्षा स्वयंपाकीण बरी.

४

नरसिंहराव तालुका कचेरीत हेडक्लार्क होते. व्यंकोबाने त्यांना कचेरीबाहेर कॉफी क्लबात गाठलं. त्यांनी आधी मागचं टेबल पाहिलं, मग खिडकी, मग बोलायला सुरुवात केली.

त्यांना ते नाटक पहिल्यापासून नको होतं. राज्यकर्त्याचा खून, तोही मित्राच्या हातून. दिवस कसले आहेत? सरकारी नोकर बसून असली नाटकं वाचतोय असं कुणी वर कळवलं तर? खुनाचा प्रवेश गाळून बाकीचं नाटक वाचू, असं त्यांनी तीनदा सुचवलं होतं.

"म्हणजे पान गेलं ते तुमच्या पथ्यावरच पडलं," व्यंकोबा म्हणाला.

नरसिंहरावांनी कॉफी बाजूला सारली. "हे बघ, व्यंकोबा, मी श्राद्धाच्या दिवशी साडेअकराला आलो, जेवलो, आणि पावणेएकला कचेरीत हजेरीवर सही केली. विचार कुणालाही. मला काय मोडी येते, कुठलं पान कुठलं ते कळायला?"

"चित्र तर कळतं."

"मी ते चित्र कधी नीट बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून बसायचो." हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं, की व्यंकोबाने क्लबाच्या भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहिलं.

या माणसात एक पान चोरण्याइतकीही हिंमत नव्हती. पण कामाची गोष्ट तो बोलून गेला. तो आला तेव्हा शेषाद्रीराव दिवाणखान्यात एकटेच बसलेले होते. भटजी उशिरा येणार हे कळूनही ते नऊपासून आलेले. पेपर वाचत होते म्हणाले.

"पेपर होता का हातात?"

नरसिंहराव आठवू लागले. "नव्हता," ते हळू म्हणाले. "पण मी सांगितलं असं म्हणू नकोस."

५

शेषाद्रीरावांच्या घरी मात्र बसायला पाट मिळाला. माणूस मोठा बोलघेवडा. व्यंकोबाने नाटकाचं नाव काढताच त्यांनी उपरणं सावरलं आणि अमात्याचं कट्यारीचं भाषण म्हणून दाखवलं, उजवा हात वर करून. दर रविवारी म्हणायचे, तसंच.

"हा खून आमच्या घरचा आहे," ते म्हणाले. "आमच्या शेषोपंतांनी अमात्य असा उभा केला, की राजेसाहेब स्वतः सिंहासनावर दचकले. मग सोन्याचं कडं दिलं."

"कडं आहे घरात?"

कडं गेलं, असं ते म्हणाले. फार वर्षं झाली.

व्यंकोबाने सांगितलं की आपल्याला मोडी येत नाही, फार वाईट वाटतं. शेषाद्रीराव खुलले. आपल्याला सातव्या वर्षीच वडिलांनी छड्या मारून शिकवली. आज कुंभकोणमात झरझर मोडी वाचणारी माणसं किती? बोटावर मोजण्याइतकी. चंद्रमौलीरावांचं आपल्याला ठाऊक नाही, ते पुस्तक नेहमी स्वतःकडेच वळवून धरतात.

"आणि अक्काच्या चुलीशी तुम्ही जळका कागद पाहिलात."

"या डोळ्यांनी. तिला काय, अडाणी बाई. तिला देवाचं नाव आणि खताची पावती सारखीच."

"सारखीच," व्यंकोबा म्हणाला.

घराच्या मागच्या बाजूला देवघर होतं, दार अर्धं लोटलेलं. बोलता बोलता शेषाद्रीराव दोनदा उठून ते दार पुरतं लावून आले.

व्यंकोबा घरी गेला नाही. तो कावेरीच्या पायऱ्या उतरून खाली गेला. पायरीवरून पाय पुढे टाकला तो वाळूत. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळू, मधे दोन म्हशी बसलेल्या. धरणाचं पाणी तमिळ आणी महिन्याआधी, म्हणजे जूनच्या मध्यापूर्वी, येणार नव्हतं. तो बराच वेळ त्या कोरड्या नदीकडे बघत उभा राहिला आणि मग एकटाच हसला.

६

रविवारी तिघे नेहमीप्रमाणे बसले. व्यंकोबा शिवलेलं पुस्तक घेऊन आला आणि या वेळी सांगण्याची वाट न पाहता सतरंजीवर बसला. नरसिंहरावांनी थोडं अंतर घेतलं.

त्याने खिशातून एक कोरा ताव काढला, दुमडला आणि त्याची दोन्ही टोकं दाखवली. एक ताव, दोन पानं. जुजात घातला की एक इथे येतं आणि दुसरं तिथे. एक ओढलं आणि दोरा कुजका असला, की दुसरंही हातात येतं.

"तुम्ही सगळे एक पान शोधत बसलात. गेलीत दोन. खुनाचं पान आणि त्याच्या जोडीचं, पुढून दुसरं. खुनाचं पान कुणाला हवं होतं? नरसिंहरावांना नको होतं, पण ते कपाटाला हात लावायच्या आधी रजेचा अर्ज देतील. चोराला हवं होतं दुसरं पान. सोंगांची यादी. ते त्याने ओढलं आणि खून आपोआप बरोबर आला. परत घालता येईना. मग दोन्ही नेलं."

चंद्रमौलीराव तपकिरीची डबी उघडायची विसरले.

"यादी मोडीत. ती वाचता येईल असा माणूस हवा. मागच्याच्या मागच्या रविवारी ठरलं छापायचं, त्याच बुधवारी चोरी. बुधवारी नऊपासून साडेअकरापर्यंत इथे एकटं कोण बसलं होतं, ते तुम्हां तिघांनाही ठाऊक आहे. आणि चुलीशी जळका कागद पाहिला असं एकच माणूस म्हणाला. राव, वाचता येतं त्याला कुठला कागद जाळावा ते कळतं. अक्काला कळत नाही, म्हणून तिने बावीस वर्षांत एकही जाळला नाही. पूर्वी मीही असाच होतो. ज्याने ही थाप मारली, त्याला अडाणी माणूस कसा वागतो हे कधी बघायचीसुद्धा गरज पडली नाही."

शेषाद्रीराव ताठ बसले होते. "पुरावा?"

"तुमच्या देवघरात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर श्रीविठ्ठल आहे. तुम्हांला जाळवेना. फाडवेना. असले कागद आपण नदीत सोडतो, आणि नदीला पाणी नाही. आणी महिन्याची वाट बघताय." त्याने पुस्तक खाली ठेवलं. "चुकत असलो तर आत्ता चौघे तुमच्याकडे जाऊ. देवावर हात ठेवा आणि नाही म्हणा. मी अक्काला घेऊन गाव सोडतो."

शेषाद्रीरावांनी उपरण्याचा काठ सारखा केला. मग उठले, आणि चार घरं पलीकडून एक ताव घेऊन आले. त्यावर देवाचं कुंकू लागलं होतं.

व्यंकोबाने तो चंद्रमौलीरावांपुढे धरला. "वाचा, राव. काय लपवलं होतं ते कळू दे."

रावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उजेड कमी आहे, म्हणाले. बाहेर दहाचं ऊन होतं. व्यंकोबा तसाच धरून राहिला.

"वडिलांनी बाळबोधीत उतरवून ठेवलं आहे," राव शेवटी पुटपुटले. "राजाच्या प्रवेशापासून पुढचं. मी ते पुस्तकाच्या आत धरून वाचतो."

"म्हणजे खुनाचा प्रवेश तुमच्याजवळ होता. काल, परवा, अक्काला काढलंत तेव्हाही."

रावांनी चष्मा काढून ठेवला.

"मग वाचणारा एकच उरला," व्यंकोबा म्हणाला, आणि ताव शेषाद्रीरावांच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. आवाज नेहमीच्या रविवारचा नव्हता. राजा, अमुक. राणी, तमुक. अमात्य, जो राजास मारी, त्याचे सोंग पिलखान्याकडील माहूत मल्हारी याने घेतले. चवरी ढाळणाऱ्या दासी तीन. तिसरी दासी, शेषो व्यंकटेश. यास बोलणे नाही.

पहिले हसले ते नरसिंहराव, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. मग ते दचकून थांबले, आणि खिडकीकडे पाहिलं.

७

चंद्रमौलीराव म्हणाले, झालं ते झालं, गंगाबाईला चिठ्ठी लिहून देतो, उद्यापासून यावं.

"तिला वाचता येत नाही," व्यंकोबा म्हणाला. "चोर तोंडाने म्हणालात. तोंडानेच परत घ्या. चारी घरी. नाही तर मद्रासचे विद्वान येतील तेव्हा तुम्ही मोडी कुठल्या कागदावरून वाचता ते मी त्यांना दाखवीन."

भर दुपारी राव निघाले. छत्री घ्यायला विसरले. मागून दोघे अभ्यासू, कारण एकटं घरी बसणं त्याहून वाईट होतं. गल्लीच्या तोंडाशी गंगाबाई बोचकं घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही, पण प्रत्येक घराशी ऐकू येईल इतकी चालत राहिली.

पहिल्या घरी राव इतके हळू बोलले की घरच्या म्हाताऱ्याने दोनदा विचारलं. तिसऱ्या घरापर्यंत आवाज बसला होता, पण वाक्य पाठ झालं होतं. गंगाबाईने चोरी केली नाही. मी खोटं बोललो.

चौथं घर भवानीबाईंचं. त्या विधवा, स्वभावाने फटकळ. दारात हात पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग घेतलं कोणी?"

राव शेषाद्रीरावांकडे वळून पाहणार होते. त्यांनी तसं केलं नाही. एवढी एकच गोष्ट व्यंकोबाने त्यांच्या जमेला धरली. "शिकलेल्या माणसाने," ते म्हणाले.

भवानीबाईंनी त्या तिघांना ओलांडून रस्त्याकडे पाहिलं. "गंगाबाई, उन्हात काय उभी राहिलीस? आत ये. सांबाराला डाळ घालायची राहिली आहे माझी."

गंगाबाई पुढे झाली. चंद्रमौलीराव वाटेत उभे होते.

"आणि आमच्याकडे?" ते म्हणाले. "संध्याकाळी कोण करणार?"

"तुम्ही तिघं आहात की," ती म्हणाली. "रविवारी जमता. बसा आणि ठरवा." ती पायरी चढून आत गेली.

त्यानंतर अभ्यास पुन्हा बसला नाही. मद्रासचे विद्वान आले, नक्कल उतरवून गेले. नाटक छापून आलं की नाही, व्यंकोबाने विचारलं नाही.

शेषाद्रीराव १९५५च्या पुरट्टाशी महिन्यात वारले. चंद्रमौलीराव १९५७च्या मार्चमध्ये. गंगाबाई भवानीबाईंकडे पाच वर्षं राहिली, आणि १९५८ साली, कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला, त्यांच्याच स्वयंपाकघरात वारली. वय अडुसष्ट.